सिमेंटमध्ये जीव ओतणारे नानासाहेब

कापूरबावडीहून गायमुखकडे जाताना बसच्या खिडकीतून काय दिसतं? मेट्रोचे खांब, अर्धवट टॉवर आणि मिक्सरचे ट्रक. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना सिमेंट म्हणजे फक्त धूळ आणि ट्रॅफिक वाटतं. पण याच राखाडी मालातून गेल्या शतकात एका मराठी शिल्पकाराने माणसं आणि जनावरं घडवली. त्यांचं नाव विनायक पांडुरंग करमरकर, म्हणजेच नानासाहेब.

त्यांचा जन्म 1891 चा, अलिबागजवळच्या सासवणे गावातला. लहानपणी त्यांनी गावच्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. ते तेव्हाचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या नजरेस पडलं आणि त्यांच्या मदतीने हा मुलगा थेट मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पोचला. पुढे कोलकात्यात स्टुडिओ थाटला, मग लंडनला जाऊन शिक्षणही घेतलं.

एकच चान्स

नाव झालं ते पुण्यातल्या शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यामुळे. साडेतेरा फूट उंचीचा हा पुतळा उन्हापावसात उभा राहणार होता आणि सगळा भार घोड्याच्या पायांवर येणार होता. त्यामुळे ब्राँझच हवं होतं. एवढं मोठं काम सहसा तुकड्यांत ओतून मग जोडतात. नानासाहेबांनी मात्र ते अखंड ओतायचं ठरवलं. यात रिस्क मोठी. रस साच्यात नीट पोचला नाही किंवा मध्येच थंड झाला, तर सगळी मेहनत पाण्यात. 1928 मध्ये माझगावला हे ओतकाम झालं आणि जमलं! पुतळा रेल्वेने पुण्याला गेला. शिवाजीनगरच्या मिलिटरी स्कूलच्या आवारात तो आजही उभा आहे.

मग सिमेंट कशाला?

एवढं यश मिळाल्यावर कुणीही ब्राँझ आणि संगमरवरालाच चिकटून राहिलं असतं. मानही त्यांनाच होता. पण ब्राँझ म्हणजे भट्टी, कामगार आणि खर्च उचलणारं कुणीतरी. राजे-महाराजे, पुढारी यांचे पुतळे त्यात होतात. गावातल्या म्हशीच्या पुतळ्याची ऑर्डर कोण देणार?

सिमेंटला भट्टी लागत नाही. आधी मातीत आकार घडवायचा, त्यावरून प्लास्टरचा साचा काढायचा, आत लोखंडी सळ्या ठेवून सिमेंट भरायचं. घट्ट झालं की साचा फोडायचा. वरून पाणी मारत राहायचं, नाहीतर तडे जातात. नुसतं प्लास्टर कोकणातल्या पावसात टिकलं नसतं, सिमेंट टिकतं.

पण गोष्ट फक्त स्वस्ताईची नाही, पोताचीही आहे. ब्राँझवर उजेड चमकतो, तर सिमेंट तो शोषून घेतं. सासवण्याच्या आवारातली म्हैस बघा. तिच्या अंगाचा जडपणा आणि कातडीचा खरखरीतपणा सिमेंटमध्ये जसा उतरलाय, तसा गुळगुळीत संगमरवरात उतरलाच नसता. रोजच्या जगण्यातल्या विषयाला रोजचंच मटेरियल शोभून दिसलं. महाराजांसाठी धातू आणि म्हशीसाठी सिमेंट, पण मेहनतीत फरक नाही.

1962 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 1967 मध्ये ते गेले. आज आर्ट कॉलेजची मुलं गोणपाट, भंगार, काँक्रीट असं काहीही वापरून इन्स्टॉलेशन करतात आणि आपल्याला ते एकदम नवं वाटतं. मटेरियल भारीतलं नसलं तरी काम भारी होऊ शकतं, हे नानासाहेबांनी तेव्हाच करून दाखवलं होतं.

सासवण्याचं त्यांचं घर आता संग्रहालय आहे. गेटवेहून बोटीने मांडवा आणि तिथून पुढे थोडाच रस्ता. पुढच्या वेळी अलिबागचा प्लॅन ठरला, तर बीचच्या आधी तासभर इथे नक्की द्या.