स्वराज्याचे नेत्र : बहिर्जी नाईक

कोणत्याही राज्याच्या उभारणीत लढवय्यांचा वाटा सर्वांस दिसतो. परंतु लढाईपूर्वी शत्रूच्या मुलखात शिरून तेथील बळ, धन व वाटा यांची खडान्खडा माहिती आणणाऱ्या हेराचा वाटा सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. कार्य जितके चोख, तितका कर्ता अज्ञात, असा या कामाचा नियमच आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे जासूद बहिर्जी नाईक हे अशा पुरुषांत अग्रगण्य होत.

कृष्णाजी अनंत सभासद यांनी १६९४ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत बहिर्जींचा उल्लेख येतो. तेथे त्यांचे आडनाव जाधव आहे; लोकांच्या मुखी मात्र नाईक हीच पदवी राहिली. फकीर, गोंधळी, वासुदेव अशी नाना सोंगे घेऊन ते शत्रूच्या गोटात वावरत, अशा कथा घरोघरी सांगितल्या जातात. त्या कथा लोकपरंपरेच्या होत. बखरीत त्यांची जी कामगिरी नमूद आहे, ती या कथांहून कमी तोलाची नाही.

पहिली कामगिरी सुरतेची. शाहिस्तेखानाच्या स्वारीने स्वराज्याचा मुलूख उजाड झाला होता आणि खजिन्यास द्रव्याची निकड होती. सुरत हे मोगलांचे श्रीमंत बंदर. परंतु त्या काळी शहरास भक्कम तट नव्हता. तेथे अगणित द्रव्य हाती लागेल, ही वार्ता बहिर्जींनी आणली. महाराजांनी एक छावणी कल्याणकडे व दुसरी दंडाराजपुरीकडे उभारून शत्रूस संभ्रमात ठेविले, आणि स्वतः नाशिककडून जव्हारच्या डोंगराळ मुलखातून उत्तरेस निघाले. ६ जानेवारी १६६४ रोजी फौज सुरतेच्या वेशीशी पोहोचली. शत्रूस कुणकुण लागू न देता एवढी मजल मारणे, हे आगाऊ पाहून ठेविलेल्या वाटांवाचून घडणारे नव्हते.

या स्वारीच्या वेळी जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी महाराजांची भेट घेतली. जव्हारजवळील शिरपामाळ हे त्या भेटीचे स्थळ मानले जाते. राजांनी महाराजांच्या शिरावर मानाचा तुरा खोविला, म्हणून माळास हे नाव पडले, अशी परंपरा आहे. पुढे हा स्नेह टिकला नाही; १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे यांनी जव्हार जिंकून घेतले.

दुसरी कामगिरी १६७९ ची. जालनापूर लुटून परतत असता महाराजांची वाट मोगल सरदार रणमस्तखानाने अडविली. तीन दिवस झुंज झाली. सिधोजी निंबाळकर धारातीर्थी पडले आणि शत्रूची कुमक जवळ येऊ लागली. अशा प्राणसंकटात बहिर्जी पुढे झाले. अपरिचित आडवाटेने, तीन दिवस व तीन रात्री मजल करीत, त्यांनी महाराजांस पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोहोचविले. तेथे महाराजांनी विश्रांती घेतली, म्हणून गडास विश्रामगड हे नाव मिळाले. त्या दिवशी राज्य तरले ते वाटेच्या ज्ञानावर.

बहिर्जींची समाधी सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात बाणूरगडावर, म्हणजेच भूपाळगडावर आहे. तेथे गेलेला यात्रेकरू नतमस्तक होतो. पण ज्यांचे अवघे आयुष्य चालण्यात गेले, त्यांचे स्मारक एकाच ठिकाणी बांधून पुरे होईल काय? अशा पुरुषाचे खरे स्मारक वाट हेच होय. परदेशातही हेरांचे स्मरण आता उघडपणे होऊ लागले आहे. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये गुप्तपणे काम करून १९४४ साली प्राणास मुकलेल्या नूर इनायत खान यांचा अर्धपुतळा २०१२ मध्ये लंडनच्या एका चौकात बसविण्यात आला.

आपला खोडाळा हा मोखाडा तालुक्यातील वाटांच्या मिलनाचा गाव. येथून एक रस्ता विहिगाववरून कसाऱ्याकडे, एक वैतरणेच्या खोऱ्यातून इगतपुरीकडे, तर एक मोखाड्याकडे व पुढे जव्हारला जातो. खोडाळा, मोखाडा, जव्हार आणि शिरपामाळ अशी एक स्मरणवाट आखून ठिकठिकाणी साधे दगडी फलक उभारता आले, तर मुलांना पायी चालत इतिहास शिकता येईल. मात्र फलकावर बखरीचे ते बखरीचे आणि परंपरेचे ते परंपरेचे, असे स्पष्ट लिहावे. शत्रूच्या गोटातून आलेली बातमी तिखटमीठ लावून सांगितली असती, तर सुरतेची स्वारी फसली असती. खोटी बातमी न आणणाऱ्या पुरुषाच्या नावाने खोटा इतिहास लिहिणे त्यांस शोभणार नाही.

बहिर्जी आमचे, असे अनेक समाज अभिमानाने म्हणतात. त्या अभिमानात वावगे काही नाही. परंतु वाद घालून त्यांचे मोठेपण वाढत नाही. ज्यांनी फकिराच्या व गोंधळ्याच्या वेषात सर्वांच्या दारी उभे राहून स्वराज्याची सेवा केली, ते सर्वांचेच होत. या कार्यात प्रत्येक सभासद कुटुंबाने एक दिवस श्रमदान द्यावे व घरच्या मुलांना बरोबर आणावे. वाट चालणाऱ्यांच्या पावलांनीच राहते. ती राखणे हे आपल्या हाती आहे.