पंचावन्न मैलांचा रस्ता

दुसऱ्या महायुद्धाला कलाटणी कुठे मिळाली असं कुणी विचारलं तर आपण पटापट नावं सांगतो. मिडवे, एल अलामीन, स्टॅलिनग्राड, नॉर्मंडी. टीव्ही आणि सिनेमांच्या कृपेने ही यादी आपल्याला पाठच झालेली आहे. पण या सगळ्यांच्या आधी, १९४१ साली, युद्धाला एक कलाटणी पूर्व आफ्रिकेत मिळाली होती आणि तिच्यात भारतीय सैन्याचा मोठा वाटा होता. तिथल्या एका रस्त्यावर सैन्याच्या सर्वांत पुढच्या गाडीत बसला होता एक इंजिनिअर. आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधला, वय वर्षे फक्त बावीस. त्यांचं नाव प्रेमिंद्रसिंग भगत.

भगत यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९१८ रोजी गोरखपूर येथे झाला. वडील सरकारी खात्यात इंजिनिअर. शिक्षण डेहराडूनच्या सैनिकी शाळेत आणि पुढे तिथल्याच मिलिटरी अकादमीत. जुलै १९३९ मध्ये ते अधिकारी होऊन बॉम्बे सॅपर्समध्ये दाखल झाले आणि दोनच महिन्यांत महायुद्ध सुरू झालं. सॅपर म्हणजे सैन्यातला इंजिनिअर. पूल बांधायचे, वेळ आली तर तेच पूल उडवायचे, रस्ते करायचे, सुरुंग पेरायचे आणि शत्रूने पेरलेले काढायचे. लढाईत सगळ्यांच्या आधी पुढे जाणारा आणि माघार घेताना सगळ्यांच्या शेवटी निघणारा हा माणूस.

आता जरा नकाशा डोळ्यांसमोर आणा. जून १९४० मध्ये इटली जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरली. इरिट्रिया, सोमालीलँडचा काही भाग आणि ॲबिसिनिया म्हणजे आजचा इथिओपिया तिच्या ताब्यात होता. शेजारून जातो तांबडा समुद्र. भूमध्य समुद्रातून मालवाहू जहाजं नेणं अतिशय धोक्याचं झालं होतं. त्यामुळे इजिप्तमधल्या ब्रिटिश आणि भारतीय फौजांचं सामान आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून तांबड्या समुद्रातून सुएझला यायचं. त्यात अमेरिका तेव्हा तटस्थ. तिच्या कायद्यानुसार अमेरिकन जहाजांना युद्धक्षेत्रात जायला बंदी होती. थोडक्यात, इटालियन फौजा त्या किनाऱ्यावर आहेत तोपर्यंत अमेरिकन जहाजाला सुएझ बंद!

ही कोंडी फोडायचं काम ज्या फौजांवर होतं त्यांत चौथी आणि पाचवी भारतीय डिव्हिजन होती. भगत यांची २१ वी फील्ड कंपनी सुदानच्या सरहद्दीवर गल्लाबात इथे होती. नोव्हेंबर १९४० मध्ये गल्लाबातवर पहिला हल्ला झाला. किल्ला घेतला, पण टिकवता आला नाही. समोरच्या मेटेम्माच्या ठाण्यात शत्रू तसाच पाय रोवून राहिला. जानेवारी १९४१ मध्ये मात्र इटालियन फौजा मागे हटू लागल्या. ३१ जानेवारीच्या रात्री मेटेम्मा हातात आलं आणि गोंदारच्या दिशेने पाठलाग सुरू झाला.

पण पळणाऱ्या शत्रूने रस्त्यात जागोजागी सुरुंग पेरून ठेवले होते. भगत आपली तुकडी घेऊन सगळ्यात पुढच्या ब्रेन कॅरिअरमध्ये बसले. ही पट्ट्यांवर चालणारी, वरून उघडी, छोटी चिलखती गाडी. सुरुंग शोधायचं साधन काय, तर डोळे, हात आणि डोकं! पोलिश इंजिनिअर कोसाट्स्की यांनी बनवलेले इलेक्ट्रॉनिक शोधक पुढे १९४२ मध्ये एल अलामीनला वापरले गेले. भगत यांच्या वेळी ते तयारच झाले नव्हते. माती नुकतीच हलवलेली दिसते का, पृष्ठभाग कुठे वेगळा वाटतो का, हे बघत जायचं. सुरुंग सापडला की निकामी करायचा. चुकला तर दुसरी संधी नाही. आपल्याला प्रॅक्टिकलमध्ये रीडिंग चुकलं तर पुन्हा घेता येतं, तसं तिथे नव्हतं.

चार दिवस, सकाळी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत हे काम चाललं. अंतर पंचावन्न मैल, म्हणजे साधारण ८८ किलोमीटर. आपल्यापैकी बरेच जण नगर रस्त्याने कोरेगाव भीमावरून वढू बुद्रुकला शंभूराजांच्या समाधीच्या दर्शनाला जातात. पुण्याहून ते अंतर तीसेक किलोमीटर. तिथे जायचं, परत यायचं आणि पुन्हा एकदा जायचं, एवढा तो रस्ता झाला. बाइकवर आपल्याला दोन-अडीच तास लागतील. आणि हा सगळा रस्ता पुढच्या क्षणी पायाखालची जमीन उडेल या जाणिवेत कापायचा!

या चार दिवसांत भगत यांनी पंधरा सुरुंगक्षेत्रं शोधून साफ करून घेतली. दोन वेळा त्यांची गाडीच सुरुंगावर उडाली. बरोबरची माणसं त्यात बळी पडली. तिसऱ्या वेळी दबा धरून बसलेल्या शत्रूने जवळून गोळीबार केला. एका स्फोटात त्यांच्या कानाचा पडदा फाटला. थकवा इतका की वरिष्ठांनी त्यांच्या जागी दुसरा अधिकारी द्यायची तयारी दाखवली. भगत यांनी नकार दिला. त्यांचं म्हणणं असं, की आता हे काम आपल्याला इतरांपेक्षा चांगलं जमू लागलं आहे, तेव्हा शेवटपर्यंत आपणच करणं योग्य. मला वाटतं, हे उत्तर अस्सल इंजिनिअरचं आहे. शत्रू सुरुंग कसे पेरतो हे ज्याला जीव धोक्यात घालून कळलं, त्याने ते काम अर्ध्यावर नव्या माणसाला दिलं असतं, तर त्या माणसाला पहिल्यापासून शिकावं लागलं असतं. आणि त्या शिकण्याची फी मागून येणाऱ्या जवानांनी भरली असती.

भगत यांचा हा रस्ता मुख्य आघाडीच्या दक्षिणेला होता. उत्तरेला केरेनच्या डोंगरांवर घनघोर लढाई झाली, तिथे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवानही लढले. २७ मार्चला केरेन पडलं, ८ एप्रिलला मसावा बंदर. ११ एप्रिल १९४१ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी तांबडा समुद्र आता युद्धक्षेत्र नाही असं जाहीर केलं आणि अमेरिकन जहाजांना सुएझपर्यंत वाट मोकळी झाली. पुढच्या वर्षी एल अलामीनला जी फौज जिंकली, तिच्याकडे अमेरिकन रणगाडेही होते. एल अलामीनचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच्या आधी मोकळी झालेली ही वाट कुणाला आठवत नाही.

या कामगिरीसाठी भगत यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या महायुद्धात तो मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी.

इथे कुणीही विचारेल, की हे युद्ध आपलं होतं का? प्रश्न रास्त आहे. १९३९ मध्ये व्हाइसरॉयने भारतीयांना न विचारता देशाला युद्धात ओढलं, म्हणून काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले होते. भगत ज्या सरकारचा गणवेश घालून लढत होते त्याच सरकारच्या तुरुंगात आपले नेते जात होते. हा विरोधाभास झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण मागच्या ट्रकमध्ये बसलेली पोरं आपल्याच खेड्यापाड्यांतली होती, आणि सुरुंग काही ट्रकवरचा झेंडा बघून फुटत नाही. भगत यांनी वाचवले ते हे जीव. शिवाय तिथे तावून सुलाखून निघालेले असे अधिकारीच पुढे स्वतंत्र भारताच्या सैन्याचा कणा झाले.

भगत लेफ्टनंट जनरल झाले. १९६२ च्या पराभवाची चौकशी त्यांनी जनरल हेंडरसन ब्रुक्स यांच्याबरोबर केली. तो अहवाल सरकारने अजूनही अधिकृतपणे खुला केलेला नाही. १९७२ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या नॉर्दर्न कमांडचे ते पहिले प्रमुख. लष्करप्रमुखपद त्यांना मिळालं नाही. निवृत्तीनंतर त्यांनी दामोदर खोरे महामंडळाचं अध्यक्षपद घेतलं, म्हणजे पुन्हा धरणं आणि वीज, पुन्हा इंजिनिअरिंग! मे १९७५ मध्ये, वयाच्या अवघ्या ५६ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

मित्रांनो, पूल बांधला तर तो दिसतो, त्यावर नाव कोरता येतं. सुरुंग काढला तर मागे काहीच उरत नाही. ट्रक नुसता पुढे निघून जातो आणि आतल्या माणसाला आपण कुठून गेलो याचा पत्ताही नसतो. आपल्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला असंच काम येणार आहे. नीट झालं तर कुणाच्या लक्षात येणार नाही, आणि चुकलं तर दुसऱ्याचा जीव जाईल. खडकीवरून जाताना बॉम्बे सॅपर्सची पाटी दिसली, की त्या पंचावन्न मैलांची आठवण जरूर ठेवा. सेकंड लेफ्टनंट भगत आणि त्यांच्या तुकडीला विनम्र अभिवादन!