शब्दलेखनाचा शिल्पकार : नोहा वेबस्टर

इंग्रजी शिकताना 'कलर' या शब्दात यू लिहावा की वगळावा, हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांना आजही पडतो. इंग्लंडचे शब्दलेखन एक आणि अमेरिकेचे दुसरे, हा भेद रूढ होण्यात ज्या एका शिक्षकाचा वाटा सर्वांत मोठा, तो म्हणजे नोहा वेबस्टर.

त्यांचा जन्म १६ ऑक्टोबर १७५८ रोजी कनेटिकटमधील शेतकरी कुटुंबात झाला. मुलाला येल महाविद्यालयात धाडण्यासाठी वडिलांनी शेत गहाण टाकले. १७७८ मध्ये पदवी मिळवून वेबस्टर शिक्षक झाले. राष्ट्र नुकतेच स्वतंत्र होत होते, परंतु शाळेत पुस्तके इंग्लंडचीच होती. म्हणून १७८३ मध्ये त्यांनी शब्दलेखनाचे स्वतःचे क्रमिक पुस्तक काढले. निळ्या वेष्टनामुळे ओळखल्या जाणाऱ्या या पुस्तकाच्या पुढे कोट्यवधी प्रती खपल्या.

उच्चारात नसलेली अक्षरे सामान्य माणसाच्या शिक्षणात विनाकारण अडथळा आणतात, असे त्यांचे मत होते. 'म्युझिक'च्या अखेरचा के, 'ऑनर' व 'कलर'मधील यू त्यांनी गाळला. 'सेंटर'मधील अखेरच्या दोन अक्षरांचा क्रम बदलला. हे बदल अमेरिकेत रुजले. परंतु 'टंग' हा शब्द टी-यू-एन-जी असा, तर 'सूप' हा शब्द दोन ओ घालून लिहावा, ही त्यांची सूचना लोकांनी स्वीकारली नाही. भाषेत विद्वानाने सुचवावे आणि लोकांनी निवडावे, हाच न्याय येथेही चालला.

दोन दशकांहून अधिक परिश्रमांनंतर १८२८ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांनी सुमारे ७०,००० शब्दांचा कोश प्रसिद्ध केला. त्याच्या अवघ्या २,५०० प्रती निघाल्या. दुसऱ्या आवृत्तीसाठी त्यांना राहते घर गहाण ठेवावे लागले. २८ मे १८४३ रोजी न्यू हेवन येथे त्यांचे निधन झाले, तेव्हाही कर्जाचा भार उतरलेला नव्हता.

गुलामगिरी अन्यायकारक आहे, असे त्यांनी १७९३ मध्ये लिहिले; मात्र उत्तरायुष्यात गुलामगिरी तात्काळ नष्ट करू पाहणाऱ्या चळवळीला त्यांनी विरोध केला. त्यांच्या चरित्रातील ही उणीव झाकण्याचे कारण नाही. पण पुस्तक लेखकाच्या मर्यादेत थांबत नाही. बाल्टिमोरमध्ये गुलामीत वाढणाऱ्या फ्रेडरिक डग्लस या मुलाला शिकविण्यास मालकाने मनाई केली होती. त्या मुलाने चोरून, वेबस्टर यांच्याच पुस्तकातील अक्षरे गिरवून लेखन आत्मसात केले. १८३८ मध्ये तो गुलामीतून निसटला आणि पुढे गुलाममुक्तीच्या लढ्याचा थोर वक्ता व लेखक झाला.

अक्षर कोणी रचले, याहून ते कोणाच्या हाती पोहोचले, यालाही इतिहासात तितकेच मोल असते. आपल्या वसतिगृहातील प्रत्येक मुलामुलीच्या हातातील पुस्तकाकडे आपण याच दृष्टीने पाहिले पाहिजे.