पोलादाचे पाणी

हॉइट बक हे अमेरिकेतील कॅन्ससचे. लोहाराकडे उमेदवारी करीत असता १९०२ च्या सुमारास, ऐन पोरवयात, पोलादाला पाणी देण्याची अशी रीत त्यांना साधली की हत्याराची धार लवकर बोथट होईना. झिजून टाकाऊ झालेल्या कानशी हेच त्यांचे पोलाद! पुढे ते धर्मोपदेशक झाले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना सुऱ्या पुरविण्यासाठी भट्टी पुन्हा पेटली. युद्धानंतर, उतारवयात बिऱ्हाड हलवून ते सान दिएगोस मुलाकडे गेले आणि बापलेकांनी धंदा मांडला. १९४९ साली हॉइट वारले. शिकाऱ्यांच्या कमरपट्ट्यावर मिरवणारी, संग्राहकांनी जिवापाड जपलेली घडीची सुरी, ‘मॉडेल ११०’, पुत्र ॲल यांनी १९६४ मध्ये काढली. पितळी टोके, लाकडी मूठ. उघडताच पाते पाठीकडील खटक्यात पक्के बसते, बोटांवर मिटत नाही. ती पाहण्यास वडील नव्हते.