सुरांचा इंजिनिअर : उस्ताद अब्दुल करीम खाँ

आपल्या जुन्नर-आंबेगावच्या गावांत भजन म्हटलं की पेटी आलीच. होस्टेलच्या गणपतीतही कुणीतरी पेटी पुढे ओढतोच. पण ही पेटी मुळातच किंचित बेसूर असते, हे किती जणांना माहीत आहे? हा फरक मोजण्याच्या कामी एका थोर गवयाने आपला गळा दिला. ते म्हणजे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ.

त्यांचा जन्म 11 नोव्हेंबर 1872 चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. लहानपणी गाण्याबरोबर सारंगी आणि बीनही शिकले. तरुणपणी बडोद्याच्या दरबारात गायक झाले. तिथे ताराबाई माने यांच्याशी सूर जुळले आणि दोघांनी बडोदं सोडलं. हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने ही त्यांचीच मुलं. खाँसाहेबांनी 1913 मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. पुढे संसार मोडला, ते मिरजेला राहिले. वाद्यांची दुरुस्ती ते स्वतः करायचे, हत्यारं सोबतच असायची!

आता थोडा हिशेब. सा 240 हर्ट्झ धरला तर शुद्ध गंधार 5/4 पट, म्हणजे 300. पेटीचा गंधार मात्र 302.4. असं का? चीनमध्ये बांबूच्या नळ्यांची लांबी एक तृतीयांशाने कमी-जास्त करत बारा सूर काढायचे, पण शेवटी मेळ बसत नसे. कारण 12 वेळा पंचम घेतला की 129.75 पट होतात आणि 7 सप्तकं म्हणजे 128 पट. मिंग घराण्यातल्या झू झाययू या राजपुत्राने 1584 मध्ये 2 चं बारावं मूळ (1.0595) काढलं आणि फरक बाराही सुरांत सारखा वाटून टाकला. पेटी साधारण याच हिशेबाने लावतात.

सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांना मात्र गवयाचे खरे सूर मोजायचे होते. खाँसाहेब गायले, देवलांनी मोजलं. 1910 मध्ये देवलांचं 22 श्रुतींवरचं पुस्तक आलं. मग क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची पेटीही झाली. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, पण मान्य झाली नाही. गाताना तोच गंधार रागाप्रमाणे हलतो, मींडेत सरकतो. त्याला 22 पट्ट्याही कशा पुरणार?

खाँसाहेबांचा भरवसा अखेर तंबोऱ्यावरच राहिला. 27 ऑक्टोबर 1937 ला मद्रासहून पाँडिचेरीला जाताना छातीत दुखू लागलं. सिंगपेरुमल कोईल स्टेशनवर उतरले, प्लॅटफॉर्मवरच नमाज पढले, दरबारी रागात ईश्वराला आळवलं आणि गेले. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात त्यांची कबर आहे. त्याच मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं.

2.4 हर्ट्झ म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. वर्कशॉपमध्ये आपण त्याला टॉलरन्स म्हणून सोडून देऊ. पण एकदा तंबोरा नीट लावा, खर्जाच्या तारेतून आपोआप निघणारा गंधार ऐका आणि मग पेटीची पट्टी दाबा. दोन सूर एकमेकांशी भांडताना स्पष्ट ऐकू येतील. या माणसाने आयुष्यभर कशासाठी कान टवकारले होते, ते तेव्हा कळेल.