तोट्यातला लेखक : एच. पी. लव्हक्राफ्ट

हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट हे नाव आज जगभरच्या भयकथाप्रेमींना ठाऊक आहे. परंतु १९३७ साली तो वारला तेव्हा त्याच्या नावावर कथेचे एकच छापील पुस्तक होते, आणि तेही छपाईच्या चुकांनी भरलेले. आयुष्यभर लिहिणाऱ्याच्या पदरी एवढेच का पडले, हे समजायला त्याच्याबरोबर एका मासिकाचीही हकीकत सांगावी लागते.

२० ऑगस्ट १८९० रोजी अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात प्रॉव्हिडन्स शहरी त्याचा जन्म झाला. वडील फिरते विक्रेते. मुलगा तीन वर्षांचाही झाला नव्हता तोच त्यांना वेड लागले आणि १८९८ मध्ये ते रुग्णालयातच वारले. आजोबा सधन व्यापारी. नातवाला भुताखेतांच्या गोष्टींची गोडी त्यांनीच लावली. पण दूर आयडाहो राज्यातील त्यांच्या पाटबंधारे कंपनीचा धंदा बुडाला आणि १९०४ मध्ये आजोबाही गेले. राहते घर सुटले. पुढे प्रकृती ढासळून हॉवर्डची शाळा अर्धवट राहिली. घराण्याचा अभिमान मोठा आणि मिळकत मात्र नाही, अशा पेचात तो वाढला.

मार्च १९२३ मध्ये जे. सी. हेनेबर्गर यांनी 'वीअर्ड टेल्स' हे मासिक काढले. लगद्याचा स्वस्त कागद आणि किंमत २५ सेंट. इतर संपादक ज्या विलक्षण कथा साभार परत करीत, त्यांना येथे जागा होती. लव्हक्राफ्टने पाच कथा पाठविल्या, पण सोबतच्या पत्रात स्वतःच त्यांची किंमत कमी केली. ओळींमध्ये जागा सोडून पुन्हा टंकलिखित करून पाठवा, असे संपादक एडविन बेअर्ड यांनी कळविले, तेव्हा तो कुरकुरला. टंकलेखनाचा त्याला मनस्वी कंटाळा. अखेर ऑक्टोबर १९२३ च्या अंकात त्याची 'डेगॉन' ही कथा आली.

वर्षभरातच मासिक कर्जात रुतले. १९२४ मध्ये संपादकपदासाठी लव्हक्राफ्टला विचारणा झाली, पण शिकागोला जावे लागेल म्हणून त्याने ती नाकारली. त्याच वर्षी सोनिया ग्रीन हिच्याशी विवाह करून तो न्यूयॉर्कला राहिला होता. तेथे त्याला नोकरी मिळाली नाही आणि सोनियाचे टोप्यांचे दुकानही चालले नाही. परदेशांतून आलेल्या लोकांविषयी त्याच्या मनात आधीच असलेला द्वेष या दिवसांत आणखी कडवट झाला. सोनिया स्वतः परदेशातून आलेली ज्यू स्त्री होती, हे ध्यानात घेतले की हा डाग अधिकच गडद वाटतो. तो त्याच्या कथांतही उतरला आहे. १९२६ मध्ये तो एकटाच प्रॉव्हिडन्सला परतला.

उत्तम कथा त्याने यानंतर लिहिल्या. 'द कॉल ऑफ क्थुल्हू' नवे संपादक फार्न्सवर्थ राइट यांनी आधी परत केली आणि नंतर फेब्रुवारी १९२८ मध्ये छापली. १९३१ ची 'ॲट द माउंटन्स ऑफ मॅडनेस' ही दीर्घकथाही परत आली. हा नकार त्याने मनाला लावून घेतला आणि बाड चार वर्षे पडू दिले. पुढे एका मध्यस्थाने तीच कथा दुसऱ्या मासिकाला ३५० डॉलरला विकली. गिऱ्हाईक होतेच; विकणाऱ्याचाच आपल्या मालावर विश्वास नव्हता. इतरांची हस्तलिखिते अल्प मोबदल्यात सुधारून देत तो दिवस काढी.

खर्चाची एक बाब मात्र त्याने कधी आखडली नाही, ती म्हणजे पत्रव्यवहार. रॉबर्ट हॉवर्ड, क्लार्क ॲश्टन स्मिथ यांसारखे लेखक असोत की रॉबर्ट ब्लॉक हा शाळकरी मुलगा असो, प्रत्येकाला तो पानेच्या पाने लिही, त्यांचे लेखन वाचून सल्ला देई.

१५ मार्च १९३७ रोजी, वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी, आतड्याच्या कर्करोगाने तो गेला. पत्रमित्र ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वॉन्ड्रे यांनी त्याच्या कथा प्रकाशकांना दाखविल्या. कोणी घेईना, तेव्हा दोघांनी 'आर्कहॅम हाउस' ही स्वतःची संस्था काढली आणि १९३९ मध्ये १,२६८ प्रतींचा जाडजूड संग्रह छापला. यांपैकी डर्लेथने तर लव्हक्राफ्टला एकदाही प्रत्यक्ष पाहिले नव्हते. 'वीअर्ड टेल्स' १९५४ मध्ये बंद पडले, पुढे अनेकदा नव्याने निघाले. लव्हक्राफ्टच्या कथा मात्र छापल्या जातच राहिल्या.

जमाखर्चाच्या वहीत नावलौकिक हीही मालमत्ता धरतात. ती हाताला लागत नाही आणि तिचा भाव पुष्कळदा धनी बदलतानाच ठरतो. लव्हक्राफ्टने ती टपालाच्या तिकिटांवर पैसा घालून जोडली होती. तिची किंमत वसूल झाली तेव्हा वहीचा धनी उरला नव्हता.