उष्टावणानंतरचा घास

उष्टावण झालं की घरात एक समाधान पसरतं. मामानं वाटीतली खीर बोटानं बाळाच्या ओठाला लावली, बाळानं तोंड वेडंवाकडं केलं, सगळे हसले, फोटो निघाले. दुसऱ्या दिवसापासून बाळ पुन्हा अंगावरच्या दुधावर. मग कधी वरणाचं पाणी, कधी भाताची पेज, कधी चहात बुडवलेलं बिस्कीट. खरं जेवण दात आल्यावर, चालायला लागल्यावर, म्हणजे वर्षा-दीड वर्षानं. धाराशिव जिल्ह्याच्या पूर्वेला, निम्न तेरणा धरणाकाठच्या माकणीत काय किंवा पुण्यातल्या फ्लॅटमध्ये काय, या मधल्या महिन्यांची गोष्ट फारशी वेगळी नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुलं देशभरात शंभरात साधारण अकरा निघाली. याला एकटी गरिबी कारण नाही. ज्या घरात रोज दोन वेळा चूल पेटते, त्या घरातलंही आठ महिन्यांचं मूल अर्धपोटी असू शकतं.

हे ज्यांनी आपल्याच मुलखात गावोगाव फिरून पाहिलं, त्या डॉ. मेबल आरोळे. त्यांचा जामखेड तालुका धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिम सीमेला लागून आहे. माकणीहून निघालं तर सगळा जिल्हा आडवा ओलांडावा लागतो, पण डोंगर बालाघाटाचाच, पिकं ज्वारी-तुरीचीच आणि १९७२चा दुष्काळही दोघांचा एकच.

मेबल मूळच्या इकडच्या नव्हत्या. जन्म १९३५चा, जबलपूरचा. वडील तिथल्या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात प्राध्यापक. वैद्यकीय शिक्षणासाठी त्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात गेल्या. तिथे नगर जिल्ह्यातले रजनीकांत आरोळे भेटले. दोघांनी १९६० साली लग्न केलं आणि काम खेड्यातच करायचं असं ठरवलं. नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात त्यांनी काही वर्षं काढली. रुग्णालय चांगलं चाललं. पण त्या दोघांना वेगळंच खटकत राहिलं. बरे करून घरी पाठवलेले रुग्ण तेच आजार घेऊन परत येत होते आणि त्यांतले बहुतेक आजार मुळात टाळता येण्यासारखे होते. औषधानं जुलाब थांबत होते, मूल मात्र पोसलं जात नव्हतं.

मग दोघं अमेरिकेला गेले. तिथे रुग्णालयांतलं प्रशिक्षण झालं, त्यानंतर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास झाला. १९७० साली ते परतले आणि जामखेडला गुरांच्या जुन्या दवाखान्यात त्यांनी काम मांडलं. अशी पदवी हाती असताना मुंबईत काय मिळालं असतं, हे सांगायला नको.

त्या वेळी या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. पाठोपाठ दुष्काळ आला. आरोळे दांपत्यानं गावागावांत पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरं सुरू केली आणि त्यात गावकऱ्यांनाच उतरवलं. मुलं जगवायला त्या घडीला दुसरा इलाज नव्हता. पण पंगतीला एक मर्यादा असते. जे मूल चालत येऊन ताटावर बसतं, त्याचं पोट ती भरते. कडेवरचं सात-आठ महिन्यांचं मूल पंगतीला बसत नाही. त्याला दिवसातून चार वेळा कुणीतरी मांडीवर घेऊन भरवावं लागतं आणि ते त्याच्या घरातच होऊ शकतं. ज्या घरातली आई सकाळी रोजगाराला जाते आणि बाळ आजीकडे किंवा सहा वर्षांच्या ताईकडे असतं, तिथे तर सगळी मदार त्या दोघींवर.

त्या घरात शिरायचं कुणी? आधी शिकलेल्या परिचारिका गावात पाठवून पाहिल्या. ते जमलं नाही. बाहेरून आलेली, परकी वाटणारी मुलगी बायकांना बाळाला काय भरवायचं ते सांगू लागली, तर ऐकणार कोण? तेव्हा गावानं निवडलेली गावचीच बाई आरोग्य कार्यकर्ती म्हणून घ्यायचं ठरलं. यातल्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, अनेकजणी दलित वस्तीतल्या होत्या. आठवड्यातले दोन दिवस त्या जामखेडला येत, शिकत, मुक्काम करत. या वर्गाची मोठी जबाबदारी मेबल यांनी घेतली. मराठी त्यांची मायबोली नव्हती, आणि समोरच्या बायकांना फळ्यावरचं वाचता येत नव्हतं. म्हणून धडे चित्रांतून, गाण्यांतून, एकमेकींना सांगून पाठ होत.

इथे अन्नाचा प्रश्न जातीला येऊन भिडला. दलित बाईनं ढवळलेली पेज सवर्ण घरातल्या बाळाच्या तोंडात जायची, तर त्याआधी बरंच काही हलायला हवं होतं. प्रशिक्षणाला आलेल्या बायका सुरुवातीला एकमेकींपासून अंतर राखून होत्या. त्यांनी एकत्र रांधावं, एकत्र जेवावं आणि रात्री एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपावं, अशी व्यवस्था झाली. पोषणाचा कोणताही तक्ता शिकवण्याआधीचं हे शिक्षण होतं, आणि माझ्या मते सगळ्यांत अवघड.

आता त्या घासाकडे वळू. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध पुरतं, वरचं पाणीसुद्धा लागत नाही. मेबल काम करत होत्या त्या काळात वरचं अन्न चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान सुरू करा असं सांगत. जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ साली पूर्ण सहा महिने ही मर्यादा पक्की केली. सहा महिन्यांनंतर दोन गोष्टी घडतात. जन्मताना बाळानं शरीरात साठवून आणलेलं लोह संपत येतं, आणि दुधात लोह फार थोडं असतं. शिवाय उष्मांकही कमी पडू लागतात. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाखेरीज रोज सुमारे २०० उष्मांक लागतात, वर्षाच्या पुढे ही गरज साधारण ५५०पर्यंत जाते.

वरणाचं पाणी ही गरज भागवूच शकत नाही. आठ किलोच्या बाळाच्या जठरात एका वेळी पाव लिटरहून कमी मावतं. ते पाण्यानं भरलं की बाळ तृप्त दिसतं आणि झोपतं, घरातले निश्चिंत होतात. म्हणून वरणाचं पाणी नको, वरण हवं, तेही खालचं घट्ट. मऊ भात किंवा ज्वारीची भाकरी त्यात कुस्करून, वर चमचाभर तेल किंवा तूप. चमचा उपडा केला तर पटकन गळून पडू नये इतकं दाट. आपल्याकडच्या आज्यांच्या हातचं नाचणीचं सत्त्व ही तर शास्त्रशुद्ध चीज. धान्याला मोड आले की त्यातले विकर पिष्टाचे तुकडे करतात, त्यामुळे जास्त पीठ घालूनही लापशी गिळायला सैल राहते. अंडं, शेंगदाण्याचं बारीक कूट, शिजवून कुस्करलेली पालेभाजी हे सगळं वर्षाच्या आत चालतं. मध मात्र वर्षाच्या आत नको. आणि चहा-बिस्कीट हे बाळाचं अन्नच नव्हे.

सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोन-तीनदा. नवव्या महिन्यापासून अर्धी वाटी, तीन-चार वेळा. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी आणि मध्ये काहीतरी खाऊ. अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत सोबतीला असतंच.

पण आया बहुधा वेगळ्याच ठिकाणी अडखळतात. वरचं अन्न सुरू झालं की बाळाची शी बदलते. दुधावरची पिवळी, मऊ शी आता घट्ट होते, वास येतो, कधी गाजराचा तुकडा जसाच्या तसा दिसतो. अन्न बाधलं असं समजून ते बंद होतं. एवढ्यानं बाधलेलं नसतं, आतडं नव्या कामाला लागलेलं असतं. खरे जुलाब निराळे, पाण्यासारखे आणि वारंवार. तेही याच वयात येतात, कारण बाळ रांगतं, हाती लागेल ते तोंडात घालतं, आणि वाटीत सकाळचं उरलेलं दुपारी भरवलं जातं. तेव्हा एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा लहान सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे द्रावण द्यायचं. दूध आणि जेवण बंद करायचं नाही. सलाईनवाचून मूल वाचवण्याची ही विद्या जामखेडच्या निरक्षर बायकांनी घरोघर नेली.

बाळाची शी निरुपद्रवी असते, असा एक समज घराघरात आहे. तो खोटा आहे. मोठ्या माणसाच्या विष्ठेतले रोगजंतू तिच्यातही असतात. ती उकिरड्यावर किंवा अंगणाच्या कडेला टाकली तर फिरून त्याच बाळाच्या वाटीत येते. ती संडासातच टाकावी आणि मग साबणानं हात धुवून भरवायला बसावं. बाळाला दोन पायांवर बसवून तोंडानं आवाज काढत शी-शू करवण्याची आपली जुनी रीत वाईट नाही. त्यात खरं तर आईच बाळाच्या वेळा ओळखायला शिकते. स्वतःचं नियंत्रण मुलाला दीड-दोन वर्षांनंतर, मज्जासंस्था पिकल्यावरच येतं. त्याआधी रागावून, दाबून बसवलं तर मूल शी धरून ठेवतं आणि बद्धकोष्ठ होतो. भरवण्याचंही तसंच आहे. नाक दाबून पाजलेलं पोटात जातं खरं, पण पुढच्या वेळी चमचा दिसला की मूल तोंड फिरवतं.

जामखेडच्या कामाची दखल जगानं लवकर घेतली. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ साली लोकांच्या हाती असलेल्या आरोग्यसेवेवर पुस्तक काढलं, त्यात एक प्रकरण जामखेडचं होतं. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९४ साली त्यांनी आपल्या कामाचं पुस्तक लिहिलं. त्या दशकापर्यंत या गावांतला बालमृत्यूदर १७६वरून पंचविसाच्या आसपास उतरला होता. त्यात विहिरी, लसी, मुलींचं वाढलेलं लग्नाचं वय या सगळ्यांचा वाटा आहे. एकट्या लापशीला सगळं श्रेय देणं बरोबर नाही. पण बाळांची वजनं करून, कुठलं मूल घसरतंय हे महिन्याच्या महिन्याला ओळखणारी बाई गावात असल्याशिवाय तो आकडा हलला नसता.

मेबल आरोळे २७ सप्टेंबर १९९९ रोजी गेल्या. २००५ साली देशभर आशा कार्यकर्ती नेमल्या गेल्या, त्या योजनेमागे ज्या प्रयोगांचा अनुभव होता त्यांत जामखेड होतं. २०१८पासून आशाताईंच्या कामात आणखी एक भर पडली आहे. बाळ तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांचं झालं की त्यांनी घरी यायचं, वाढ पाहायची आणि वरच्या आहाराबद्दल आईशी बोलायचं. सहाव्या महिन्याची भेट नेमकी उष्टावणाच्या सुमारास येते. ती दाराशी आली तर नोंदवहीत सही करून तिला वाटेला लावू नका. आत बोलवा आणि बाळाच्या वाटीत काय आहे ते दाखवा.